26 मीटर पाणी, वीतभर पाय

हिवाळ्यात साताऱ्याला आलेल्या पाहुण्यांना कोयना बघायची असते. नेहरू उद्यानातून धरणाची 103 मीटर उंचीची भिंत दिसते, मनसोक्त फोटो निघतात. मग गळ्यात दुर्बीण अडकवलेला एखादा हमखास विचारतो, "एवढं पाणी आहे, मग रोहित कुठायत?"

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आलेच असतील तर ते इथून तीनेक तासांवर, वडूजजवळच्या येरळवाडी तलावात असतील. नाहीतर मायणीला किंवा सूर्याचीवाडीला. कोयनेच्या खोऱ्यात वर्षाला 5000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. हे तलाव ज्या बाजूला आहेत, त्या खटाव-माणमध्ये 500 पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. आणि पाणपाखरांची गर्दी मात्र दुष्काळी तालुक्यात!

याचं उत्तर शाळेतल्या भागाकारात आहे. कोयनेचा साठा 105 टीएमसी, म्हणजे साधारण 297 कोटी घनमीटर. पाण्याचा पसारा सुमारे 115 चौरस किलोमीटर. भागून बघा, सरासरी खोली 26 मीटर येते. आता भीमेवरचं उजनी घ्या. साठा कोयनेपेक्षा जास्त, 117 टीएमसी; पण सपाट मुलखात ते पाणी 335 चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतं. सरासरी खोली 10 मीटर, आणि भिगवणकडच्या शेपटीला तर त्याहून कितीतरी कमी. म्हणून भिगवणला पक्षी बघायला झुंबड उडते. धरण मोठं की लहान, याचं पाखराला काही नाही. त्याला काठ उथळ लागतो.

कोयना खोल आहे, कारण ती सह्याद्रीच्या उभ्या कुशीत अडवलेली आहे. वीज करायला ते सोयीचंच. तिचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला, कोकणात उतरवतात. पण खोल पाण्यात ऊन तळापर्यंत पोचत नाही. ऊन नाही तर तळाशी शेवाळ नाही, पाणवनस्पती नाहीत, त्यावर जगणारे किडे नाहीत. जे काही तळाशी असेल ते शेकाट्यासारख्या, काठाच्या पाण्यात चालणाऱ्या पाखराच्या काय कामाचं? त्याचे पाय वीत-दीड वीत. पाणकावळा बुडी मारून मासा आणतो, त्याचं भागतं. चिखलात चोच खुपसून जगणाऱ्यांनी जायचं कुठं?

येरळवाडीला हिवाळ्यात पाणी ओसरायला लागलं की काठाला गाळाचा पट्टा उघडा पडतो. हा गाळ धरण बांधणाऱ्यांचा जुना वैरी. तो साठणार हे गृहीत धरून आराखड्यातच मृतसाठ्याची, म्हणजे तळाशी वापरात न येणाऱ्या पाण्याची, जागा सोडावी लागते. पाखरांसाठी मात्र ते वाढलेलं ताट. त्यात जंत असतात, गोगलगाई असतात आणि न चावणाऱ्या चिलटांच्या लाल अळ्या असतात. तुतवार काठाच्या ओल्या चिखलात टोचतो, शेकाट्या घोटाभर पाण्यात, चित्रबलाक हा करकोचा त्याच्या पुढं. चित्रबलाक गढूळ पाण्यात चोच उघडी ठेवून चालतो आणि मासा चोचीला लागला की मिटतो. डोळ्यांची गरजच पडत नाही. रोहित सगळ्यांत पुढं, पोटाला पाणी लागेपर्यंत. तो डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो, जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागंपुढं करतो आणि चोचीच्या कडेच्या चाळणीतून पाणी बाहेर सोडतो. आत राहतात बारीक जीव आणि शेवाळ. त्यातल्याच रंगद्रव्यानं तो गुलाबी होतो. पिल्लं राखाडी असतात, त्यांना बगळे समजून निघून जाऊ नका. आणि ज्याला आपण रोहितचा उलटा वाकणारा गुडघा म्हणतो, तो खरा त्याचा घोटा आहे.

गेल्या खेपेला काठावर मेंढरं घेऊन बसलेल्या मामांना विचारलं, पाखरं रोज एकाच जागी असतात का?

"न्हाई वो. पाणी मागं सरलं की पाखरं सरत्यात. आन् त्येंच्या मागनं आमी बी."

आमी म्हणजे गाळपेर करणारे. ओसरलेल्या तळ्याच्या ओलीवर कुणी हरभरा पेरतं, कुणी ज्वारी. पाणी दर आठवड्याला थोडंथोडं हटतं, तसा रोज ताजा चिखल मिळतो. ही संथ ओहोटीच पाखरांना धरून ठेवते.

हरभऱ्यावर पट्टकादंबांचाही डोळा असतो. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले हे हंस मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. तिथल्या विरळ हवेत उडता येतं, कारण त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू जास्त घट्ट पकडतं. गंमत अशी की गाळातल्या त्या अळ्या लाल दिसतात त्याही हिमोग्लोबिनमुळेच. कोंदट चिखलात प्राणवायूचा तुटवडा, हिमालयावरही तुटवडा. तोड दोघांचीही तीच, आणि दोघं येरळवाडीत एकमेकांपासून हातभर अंतरावर.

उरमोडी आणि जिहे-कठापूर सिंचन योजनांचं पाणी आता खटाव-माणमध्ये खेळू लागलं आहे. पिढ्यान् पिढ्या टँकरची वाट बघितलेल्या माणसाला त्याचा आनंद होणारच, आणि पक्षीप्रेमींनी त्यावर नाक मुरडू नये. मात्र एखादा तलाव जानेवारीतही काठोकाठ राहिला, तर तिथं चिखल उघडा पडत नाही आणि लांब पायांची पाखरं दुसरं पाणी बघतात. अगदी कोरडा पडला तरी तेच. त्यामुळं निघण्याआधी त्या भागातल्या ओळखीच्या कुणाला तरी फोन करा. पाखरं आलीत का, हे नंतर विचारा. आधी विचारा, पाणी किती हटलंय?

जायचं तर पहाटे, आणि पूर्वेच्या काठानं, म्हणजे ऊन पाठीवर राहतं. चिखलात उतरू नका. एक तर थवा उठतो. दुसरं म्हणजे गाळ गुडघ्यापर्यंत धरतो, आणि आपल्याला रोहितसारखे पाय नाहीत. माझी एक चप्पल तिथंच कुठंतरी आहे.