टप फुगलाय की कुजलाय?

जुन्या मोटारहोमच्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीच्या, फायबरच्या टपावर फुगवटा दिसला की कोकणात हमखास एकच सल्ला मिळतो: वरून दोन थर मॅट (काचेच्या तंतूंची चटई) मारा, रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) फिरवा, रंग काढा आणि मोकळे व्हा. होड्या आणि पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणारे कारागीर हर्णैपासून मालवणापर्यंत आहेत, त्यामुळे काम पटकन उरकतं. पुढच्या पावसात मात्र तीच जागा पायाखाली दबायला लागते. वरून एकसारख्या दिसणाऱ्या फुगवट्याखाली दोन वेगळे बिघाड असू शकतात. एकात फायबरचा पापुद्रा प्लायपासून नुसता सुटलेला असतो, दुसऱ्यात खालचा प्लायच कुजून गेलेला असतो. पहिल्याचा इलाज दुसऱ्यावर केला तर नुसते पैसे वाया जात नाहीत, अख्खा टप जातो.

कारागीर चुकतो तो सवयीमुळे. बहुतेक लहान होड्यांचं अंग सलग जाड फायबरचं असतं. तिथे वरून मॅट मारली की ताकद खरोखर वाढते. मोटारहोमच्या टपाला मात्र वर फायबरची पातळ कातडी, तिला चिकटलेला प्लाय, खाली थर्माकोल किंवा फोम, लाकडी वा ॲल्युमिनियमची चौकट आणि मग आतलं सीलिंग असे थर असतात. भार पेलायची ताकद येते ती हे सगळे थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असण्यातून. वरची कातडी एकट्याने काहीच पेलत नाही.

ओळखायची सोपी वेळ म्हणजे सकाळ आणि भर दुपार. पापुद्रा सुटलेला असेल तर खाली हवा अडकलेली असते. उन्हात ती प्रसरण पावते आणि दुपारी फुगवटा भाकरीसारखा टम्म होतो. पहाटे तीच जागा जवळजवळ सपाट असते. तळहाताने दाबली तर कातडी ‘टक्’ करून खाली बसते आणि हात काढताच वर येते. कुजलेल्या जागी असा चढउतार सहसा नसतो. दाबलं की ती मऊपणे खाली जाते, सावकाश वर येते, कधी येतच नाही.

मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं, वीतभर अंतराने, आणि बदल ऐकू येईल तिथे खडूने खूण करायची. धड जागा टणक वाजते, सुटलेली पोकळ वाजते, कुजलेली मात्र वाजतच नाही, ठोका आत जिरतो. शंका उरलीच तर फुगवट्यात तीन मिलिमीटरचं एक भोक पाडा आणि ड्रिलला काय लागून येतं ते बघा. कोरडा, फिकट भुसा आला तर लाकूड शाबूत आहे. काळपट, ओला, बोटांत चुरगळणारा आणि कुबट वासाचा लगदा आला तर प्रश्नच मिटला. भोक नंतर बुजवता येतं, म्हणून ते पाडायला कचरू नका.

बहुतेक जुन्या टपांवर दोन्ही बिघाड एकत्र सापडतात. पाणी शिरतं व्हेंटच्या, एसीच्या किंवा अँटेनाच्या कडेने. त्या कडेला प्लाय कुजलेला असतो आणि तिथून हातभर लांब नुसता पापुद्रा सुटलेला असतो. खडूच्या खुणांचा नकाशा त्यासाठीच हवा. जेलकोटच्या, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराच्या, केसासारख्या बारीक चिरा हा तिसरा प्रकार. ठोक्याचा आवाज टणक असेल तर त्यांची एवढी धास्ती नको.

नुसता पापुद्रा सुटला असेल तर दुरुस्ती नेटकी होते. आधी पाण्याची वाट बंद करा, खारट थर गोड्या पाण्याने धुऊन काढा आणि आतलं लाकूड वाळू द्या. मग फुगवट्यावर हाताच्या अंतराने भोकं पाडून एका कडेच्या भोकातून पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन) सुईने भरत जायचं, म्हणजे हवा पुढच्या भोकांतून निघते. वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर प्लायचा सपाट तुकडा आणि वाळूची पोती ठेवायची. आतून सीलिंगला टेकू द्यायला विसरू नका. एक अहोरात्र हलवू नका. इथे पॉलिस्टर रेझिन वापरू नये असं माझं ठाम मत आहे. स्वस्त असलं तरी ते जुन्या लाकडाला इपॉक्सीइतकं धरत नाही.

कुजलेल्या जागी मात्र काहीही भरू नका. कातडी तीन बाजूंनी कापून उलटवायची, काळं लाकूड काढायचं, आणि धड लाकूड लागल्यावरही आणखी वीतभर पुढे जायचं, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे पोचलेली असते. नवा प्लाय मरीनच हवा, आयएस ७१० या भारतीय मानकाच्या छापाचा. त्याच्या चारही कडा आणि स्क्रूची भोकं बसवण्याआधी इपॉक्सीने बंद करा. स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, खाऱ्या हवेत साधे टिकत नाहीत. कातडी परत चिकटवली की कापलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना घासून उतार द्यायचा, जाडीच्या बारापट रुंद, आणि त्यावर विणलेलं ग्लास कापड बसवायचं. दुकानदार नेहमीची मॅट देईल, ती इपॉक्सीबरोबर घेऊ नका. तिचे धागे धरून ठेवणारं बाइंडर पॉलिस्टरमधल्या स्टायरिन या द्रावकात विरघळतं, इपॉक्सीत नाही, आणि मॅट ताठच राहते. घासताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. आणि कुठे पॉलिस्टर वापरत असाल तर हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारा द्रव) थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, भडका उडतो.

सुटलेल्या पापुद्र्याचं लाकूडसुद्धा कोरडं हवं, आणि इथेच कोकणाचं गणित वेगळं होतं. लाकडात २० टक्क्यांच्या खाली ओल असली की कूज वाढत नाही, आणि चिकटवायला ती १५च्या आत हवी. पण आषाढ-श्रावणात हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते आणि तेव्हा सावलीतलं, पाऊस न लागलेलं लाकूडसुद्धा १८-२० टक्के ओल धरून बसतं. पंखा लावला तरी ते त्याखाली येत नाही. हिवाळ्यात तेच लाकूड आपोआप १२च्या आसपास उतरतं. म्हणून पावसाळ्यात फक्त वरून ताडपत्री, तीही टपाला चिकटून नको. खाली हवा खेळेल अशी ती बांबूवर उंच ताणून बांधा. त्या दिवसांत वॉटरप्रूफिंगचा थर फासणं सगळ्यांत वाईट, कारण आतलं पाणी आतच राहतं आणि सुटलेल्या पापुद्र्याखालचा धड प्लायही कुजायला लागतो. दिवाळीनंतर ओल मोजायचं मीटर घेऊन खडूची प्रत्येक खूण पुन्हा तपासा. आकडा १५च्या खाली उतरला की रेझिनचा डबा उघडा.