डोकं आहे की सिग्नल केबिन?

ऑक्टोबर २०२३ मध्ये जपानच्या फुजिई सोताने शोगी या जपानी पटखेळाचे आठही मोठे किताब एकाच वेळी आपल्याकडे घेतले. वय २१. असं काही ऐकलं की आपण पटकन म्हणतो, ‘डोकं आहे की कॉम्प्युटर!’ पण शोगी ही नुसत्या आकडेमोडीला दाद देणारी गोष्टच नाही.

शोगी बुद्धिबळाची चुलत बहीण. ८१ घरं, प्रत्येकाचे २० मोहरे. गंमत अशी, की इथे मारलेला मोहरा मरत नाही. मारणारा तो पुढे आपल्या बाजूने रिकाम्या घरात उतरवू शकतो. त्यामुळे पट शेवटाकडेही ओस पडत नाही. बुद्धिबळात एका वेळी सरासरी ३५ चाली शक्य असतात, शोगीत सुमारे ८०. म्हणजे चारच चालींत शक्यता चार कोटींच्या वर! माणूस हे मोजत बसणार कधी?

तो मोजत नाहीच. जपानच्या रिकेन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. एमआरआय यंत्रात पडलेल्या खेळाडूंना एक सेकंद डाव दाखवायचा आणि दोन सेकंदांत उत्तम चाल निवडायला लावायची. या घाईत व्यावसायिक खेळाडूंच्या मेंदूत खोलवरचं ‘कॉडेट न्यूक्लियस’ हे केंद्र जागं झालं, हौशींच्या मेंदूत नाही. सावकाश विचार करू दिल्यावर मात्र व्यावसायिकांचंही ते तसं उजळलं नाही.

कॉडेट करतो काय? एखादी सिग्नल केबिन डोळ्यांपुढे आणा. सगळे सिग्नल कायम लाल. मेंदूच्या तळाशी काही पेशी थॅलॅमसला, म्हणजे मेंदूतल्या संदेशांच्या जंक्शनला, सतत ‘थांब, थांब’ असा संदेश पाठवत असतात. मेंदूच्या सालीकडून दहा कल्पना येतात. कॉडेटमधल्या पेशी त्या थांबवणाऱ्यांनाच थांबवतात, पण एकाच रुळापुरतं. ब्रेकवरचा ब्रेक! कोणता खटका ओढायचा हे डोपामिन नावाचं मेंदूतलं रसायन सरावातून पक्कं करत जातं. शोगीतही हेच घडत असावं, हा अंदाज. पण भक्कम अंदाज. कारण पुढे याच गटाने शोगी न येणाऱ्यांना १५ आठवडे सोप्या शोगीचा सराव दिला, तेव्हा त्यांच्याही कॉडेटमध्ये हालचाल वाढत गेली.

म्हणून ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’च्या नावाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना ‘प्रतिभावान’ करणाऱ्या शिबिरांना पैसे देऊ नका. दोन दिवसांत उघडणारं कुलूप मेंदूत नसतं. फुजिई पाचव्या वर्षी शोगी शिकला आणि चौदाव्या वर्षी व्यावसायिक झाला. मधली नऊ वर्षं पटापुढेच गेली.

बाकीच्यांची वाट बिकट. शोरेइकाई या प्रशिक्षण संस्थेतून वर्षाला साधारण चौघेच ‘चौथा दान’ ही श्रेणी गाठून व्यावसायिक होतात. सव्विसाव्या वर्षापर्यंत जमलं नाही, की बहुतेकांना बाहेरचा रस्ता.

सेगावा शोजी १९९६ मध्ये असाच बाहेर पडला. नोकरी धरली, पण हौशी म्हणून खुल्या स्पर्धांत व्यावसायिकांना हरवतच राहिला. शेवटी शोगी संघटनेला त्याच्यासाठी खास परीक्षा घ्यावी लागली. २००५ मध्ये, ३५ व्या वर्षी, तो व्यावसायिक झाला. आणि पुढच्याच वर्षी तशी परीक्षा नियमात आली.