रक्त परत येताना हृदयाला होणारी इजा आणि अर्जुनसादडा

हृदयाच्या धमनीत गुठळी अडकली की तिच्या पुढच्या स्नायूला रक्त मिळेनासं होतं. यालाच आपण हार्ट अटॅक म्हणतो. अशा वेळी अँजिओप्लास्टी करून किंवा गुठळी विरघळवणारं औषध देऊन ती धमनी लवकरात लवकर मोकळी करणं हाच जीव वाचवण्याचा मार्ग आहे, यात वाद नाही. मात्र या उपचाराला एक दुसरी बाजूही आहे. १९६० साली रॉबर्ट जेनिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग केले, तेव्हा त्यांना दिसलं की काही काळ अडवलेलं रक्त पुन्हा सोडल्यावर स्नायूपेशी झपाट्याने मरतात. रक्त परत येण्यानेच होणाऱ्या या नुकसानीला डॉक्टर रिपर्फ्यूजन इजा म्हणतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांनुसार हृदयाचा जेवढा भाग शेवटी कायमचा निकामी होतो, त्यात या इजेचा वाटा निम्म्यापर्यंत असू शकतो.

प्राणवायू मिळाल्यावर पेशी का मरावी? याचं उत्तर मायटोकाँड्रियात आहे. हृदय क्षणभरही थांबत नाही, म्हणून त्याच्या स्नायूपेशीचा साधारण एक तृतीयांश भाग ऊर्जा तयार करणाऱ्या या कणांनीच भरलेला असतो. रक्त अडलं की प्राणवायू संपतो, पेशीत आम्लता वाढते आणि सक्सिनेट नावाचा पदार्थ साचू लागतो. रक्त परत आलं की हे साचलेलं सक्सिनेट एकदम जळतं. त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन नेहमीच्या मार्गाने पुढे जाण्याऐवजी काही अंशी उलटे वाहतात आणि सुपरऑक्साइड या आक्रमक रेणूंचा लोंढा बाहेर पडतो. केंब्रिजच्या मायकेल मर्फी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली उंदरांमध्ये ही साखळी उलगडून दाखवली. याच सुमारास पेशीत कॅल्शियमही प्रमाणाबाहेर शिरलेलं असतं. या दोन्हींच्या माऱ्याने मायटोकाँड्रियाच्या आवरणात छिद्रं उघडतात आणि पेशी संपते. यातला सर्वांत घातक भाग रक्त सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतच घडून जातो.

सुपरऑक्साइडसारखे रेणू इजा करतात आणि वनस्पतींत त्यांना निष्प्रभ करणारी, म्हणजे अँटिऑक्सिडंट, द्रव्यं भरपूर असतात. कांद्यात क्वेर्सेटिन, चहात कॅटेचिन, हळदीत कर्क्युमिन, द्राक्षाच्या सालीत रेस्वेराट्रॉल. मग ही द्रव्यं घेतली की हृदय वाचेल, असं वाटणं साहजिक होतं. नेदरलँड्समधल्या झुटफेन गावी ६५ ते ८४ वयाच्या ८०५ पुरुषांचा अभ्यास झाला. चहा, कांदा आणि सफरचंदातून फ्लेवोनॉइड, म्हणजे क्वेर्सेटिन-कॅटेचिनच्या कुळातली द्रव्यं, जास्त घेणाऱ्यांमध्ये पुढच्या पाच वर्षांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. हा निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाला आणि आशा वाढली.

पण गोळ्यांनी निराशा केली. 'होप' या मोठ्या चाचणीत साडेनऊ हजारांहून अधिक लोकांपैकी निम्म्यांना वनस्पतिजन्य ई जीवनसत्त्वाची रोज ४०० युनिटची मात्रा सुमारे साडेचार वर्षं दिली गेली. २००० साली निकाल आला: हृदयविकार कमी झाला नाही. २००२ साली ब्रिटनमधल्या २०,५३६ जणांच्या चाचणीत ई आणि क जीवनसत्त्वं आणि गाजरातलं बीटा कॅरोटीन एकत्र देऊनही फायदा दिसला नाही. फिनलंडमध्ये तर बीटा कॅरोटीन घेणाऱ्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला आढळला. दुकानात 'अँटिऑक्सिडंट' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेली बाटली घेताना हे निकाल ग्राहकाला कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यामागचं एक कारण प्रमाणाशी निगडित आहे. पेशीच्या आत ग्लुटाथायोन नावाचं स्वतःचं संरक्षक द्रव्य असतं. जेवणातून रक्तात पोहोचणाऱ्या वनस्पतिद्रव्यांच्या मानाने ते हजारपट किंवा त्याहूनही जास्त असतं. त्यामुळे कर्क्युमिनचे मूठभर रेणू स्वतः सुपरऑक्साइडशी झुंजून हृदय वाचवतात, ही कल्पना हिशेबात बसत नाही. ते दाराची कडी वाजवतात आणि झोपलेल्या घराला जागं करतात, असं म्हणणं जास्त बरोबर ठरेल. पेशीत एनआरएफ-२ नावाचं एक प्रथिन असतं आणि कीप-१ हे दुसरं प्रथिन त्याला एरवी अडवून ठेवतं. हळदीतलं कर्क्युमिन किंवा ब्रोकोलीतलं सल्फोराफेन कीप-१ला जाऊन चिकटलं की एनआरएफ-२ सुटतं, केंद्रकात जातं आणि ग्लुटाथायोन बनवणाऱ्या एन्झाइमांसह अनेक संरक्षक जनुकं चालू करतं. म्हणजे वनस्पतीचं द्रव्य पेशीला किंचित डिवचतं आणि संरक्षणाचं खरं काम पेशी स्वतःच करते. या कामाला तास-दिवस लागतात.

आपल्याकडच्या अर्जुनसादड्याकडे या नजरेने पाहावं. नदी-ओढ्यांच्या काठी वाढणारा, पांढुरक्या गुळगुळीत खोडाचा आणि पाच पंखांच्या फळांचा हा वृक्ष. त्याच्या सालीचा दुधातला क्षीरपाक हृद्रोगावर देण्याची आयुर्वेदात जुनी परंपरा आहे. दिल्लीच्या एम्समध्ये उंदरांना ही साल बारा आठवडे खाऊ घातली. त्यांच्या हृदयात सुपरऑक्साइड डिस्म्युटेज आणि कॅटालेज हे पेशीचे संरक्षक एन्झाइम आणि ग्लुटाथायोन आधीच वाढलेलं आढळलं, आणि नंतर रक्त अडवून पुन्हा सोडल्यावर इजाही कमी झाली. माणसांवरचा निकाल मात्र इतका स्पष्ट नाही. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांवर एम्समध्येच झालेल्या चाचणीत सालीचा अर्क बारा आठवडे दिला, तरी हृदयाची रक्त बाहेर ढकलण्याची क्षमता सुधारली नाही. काही रुग्णांना चालण्या-फिरण्यात आणि लक्षणांत आराम पडला, इतकंच. म्हणून अर्जुनसालीच्या भरवशावर अ‍ॅस्पिरिन किंवा कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन बंद करणं धोक्याचं आहे. छातीत कळ आल्यावर काढा उकळत बसणं तर त्याहून धोक्याचं.

खरी अडचण वेळेची आहे. उंदराला साल आधीपासून खाऊ घालता येते, पण माणसाला अटॅक सांगून येत नाही. धमनी उघडते त्या मिनिटालाच संरक्षण तयार असायला हवं. बायपास शस्त्रक्रियेत मात्र हृदयाचा रक्तपुरवठा कधी थांबणार आणि कधी सुरू होणार, हे आधीच ठरलेलं असतं. थायलंडमधल्या चिआंग माईच्या डॉक्टरांनी नेमका हाच धागा पकडला. १२१ रुग्णांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधीपासून ते नंतर पाच दिवसांपर्यंत रोज चार ग्रॅम कर्क्युमिनॉइड, म्हणजे हळदीतली कर्क्युमिन आणि तत्सम द्रव्यं, दिले, तर उरलेल्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची कॅप्सूल. रुग्णालयात असताना हृदयाच्या स्नायूला इजा होण्याचं प्रमाण बिनऔषधाच्या गटात ३० टक्के होतं, तर हळदीच्या गटात ते सुमारे १३ टक्के भरलं. हे २०१२ मधलं काम आहे, एकाच केंद्रातलं आणि लहान. असाच प्रयोग हजारो रुग्णांवर आणि अनेक रुग्णालयांत व्हायला हवा. बायपासच्या एवढ्या शस्त्रक्रिया होणाऱ्या आणि हळद पिकवणाऱ्या आपल्या देशात तो सहज करता येण्याजोगा आहे.