तीव्र पॉर्फिरिया

रक्ताला तांबडा रंग देणारे हीम शरीरात आठ टप्प्यांत तयार होते आणि प्रत्येक टप्प्याला एक विकर (एन्झाइम) लागते. त्यांतले एखादे विकर जन्मतःच अपुरे असले की त्याच्या आधीचा कच्चा माल साचत जातो. अशा विकारांना पॉर्फिरिया म्हणतात. ग्रीक भाषेत ‘पॉर्फिरा’ म्हणजे जांभळा रंग. यांतल्या चार प्रकारांत अचानक झटके येतात आणि ते मज्जातंतूंवर घाला घालतात, म्हणून त्यांना तीव्र पॉर्फिरिया हे नाव आहे. सर्वांत जास्त आढळतो तो अॅक्यूट इंटरमिटंट पॉर्फिरिया. यात ११व्या गुणसूत्रावरील एका जनुकातल्या दोषामुळे हायड्रॉक्सीमिथाइलबायलेन सिंथेज हे विकर निम्म्यावर येते. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेला दोषही पुरतो. तरीही असा दोष असलेल्या बहुतेकांना आयुष्यात एकही झटका येत नाही. ज्यांना येतो त्यांत १५ ते ४५ वयाच्या स्त्रियाच अधिक, आणि तोही पुष्कळदा पाळीच्या आधीच्या दिवसांत.

झटका पेटतो यकृतात. काही औषधे पचवण्यासाठी यकृताला जास्त हीम लागते. ते पुरवायला पहिल्या टप्प्याचा वेग वाढतो आणि पुढे अडलेल्या जागी एएलए व पीबीजी ही हीमच्या कच्च्या मालातली दोन द्रव्ये तुंबतात. १८८९मध्ये डच वैद्य स्टोकव्हिस यांनी सल्फोनल हे झोपेचे औषध घेतल्यावर काळपट लाल लघवी झालेल्या रुग्णाची हकिगत नोंदवली. आज फिट्सवर दिली जाणारी फेनोबार्बिटोन, फेनिटोइन, कार्बामॅझेपिन व व्हॅल्प्रोएट, क्षयाची रिफाम्पिसिन, सल्फा गटातली औषधे, तसेच दारू, धूम्रपान आणि जंतुसंसर्ग यांनी झटका येऊ शकतो. उपाशी राहण्यानेही तेच घडते. नवरात्राचे नऊ दिवसांचे कडक उपास किंवा झटपट वजन उतरवणारा आहार या रुग्णांनी करूच नये.

सुरुवात बहुधा पोटदुखीने होते. रुग्ण कळवळत असतो, उलट्या होतात, शौचाला होत नाही, नाडी धावते, रक्तदाब चढतो. पण पोटावर हात ठेवला तर ते मऊच लागते. वेदना आतड्याच्या सुजेची नसून त्याच्या मज्जातंतूंची असते. इथेच चूक होते. अपेंडिक्स समजून पोट उघडले जाते, आणि काही सापडले नाही की ‘मानसिक आहे’ असा शिक्का बसतो. निद्रानाश, भीती, भास ही लक्षणे खरोखरच असतात, त्यामुळे तो शिक्का आणखी घट्ट होतो.

मग दुखणे हातापायांत उतरते. बहुतेक वेळा खांदे व दंड आधी दुबळे होतात. केस विंचरायला हात वर जात नाही, पुढे मनगटे लोंबू लागतात. हे चित्र गीयाँ-बारे या, शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवर उलटणाऱ्या विकारासारखे दिसते, पण इथे पाठीच्या पाण्यातील प्रथिने बहुधा फारशी वाढत नाहीत आणि आधी पोटदुखी होऊन गेलेली असते. आवाज क्षीण झाला किंवा गिळताना ठसका लागू लागला, तर श्वासाचे स्नायू पुढच्या रांगेत आहेत असे समजावे. रक्तातील सोडियम घसरून फिट्स येतात. त्या वेळी सवयीने फेनिटोइन दिले तर आगीत तेलच पडते. लोराझेपॅम व लेव्हेटिरासेटाम ही सुरक्षित औषधे हाताशी असतात.

निदानाची चाचणी साधी आहे. झटक्याच्या वेळचा लघवीचा एक नमुना, काळ्या कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळून, पीबीजी व क्रिअॅटिनिन मोजण्यासाठी पाठवायचा. चोवीस तासांची लघवी गोळा करत बसायची गरज नाही. ताजी लघवी पुष्कळदा नेहमीच्याच रंगाची असते. तीच काचेच्या बाटलीत उजेडात काही तास ठेवली की कोकमाच्या आगळासारखी गडद होत जाते. रंगाचा हा बदल शंका घ्यायला पुरेसा आहे, निदान करायला नाही. चालू झटक्यात पीबीजी सामान्य पातळीच्या कित्येक पट वाढलेले असते; ते वाढलेले नसेल तर, एक अतिदुर्मीळ प्रकार वगळता, दुसरे कारण शोधावे. शिशाच्या विषबाधेतही पोटात कळा येतात व मनगट लोंबते, म्हणून शिसे असू शकणारी भस्मयुक्त औषधे घेतली होती का हे विचारलेच पाहिजे. जनुक तपासणी प्रकार पक्का करण्यासाठी व नातेवाइकांसाठी. तिच्या अहवालासाठी उपचार थांबवू नयेत.

नेमका उपचार म्हणजे शिरेतून हेमिन, म्हणजे हीमचेच औषधी रूप: वजनाच्या दर किलोला ३ ते ४ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, चार दिवस. बाहेरून हीम मिळाले की यकृताची धावपळ थांबते. हातावरच्या बारीक शिरा याने सुजतात, म्हणून ते मोठ्या शिरेतून देतात. भारतात हे औषध महाग आहे आणि सहज मिळत नाही. ते येईपर्यंत दिवसाला किमान ३०० ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे १० टक्क्यांचे सुमारे तीन लिटर द्रावण, देतात; मात्र नुसत्या पातळ द्रावणाने सोडियम आणखी उतरते, त्यामुळे त्याची वरचेवर तपासणी हवी. वेदनेसाठी मॉर्फिन द्यावे, हात आखडता घेऊ नये. फुप्फुसांची श्वास भरण्याची क्षमता दिवसातून अनेकदा मोजावी.

वारंवार झटके येणाऱ्यांसाठी गिवोसिरान हे महिन्यातून एकदा त्वचेखाली द्यायचे इंजेक्शन २०१९मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ते यकृतातील पहिल्याच टप्प्याला लगाम घालते. अगदी नाइलाज झाल्यास यकृत प्रत्यारोपण करतात. सख्खी भावंडे व मुले यांची तपासणी करावी, आणि दोष असलेल्याने टाळायच्या औषधांचे कार्ड खिशात ठेवावे.

हेमिन नवे नुकसान रोखते, झालेला लकवा लगेच पुसत नाही. मज्जातंतूचा धागा दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. व्हेंटिलेटरवर गेलेला रुग्णही महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी चालू लागतो. मनगटे मात्र पुष्कळदा सर्वांत उशिरा उठतात, आणि तोवर त्यांना फळीचा आधार व रोजचा व्यायाम लागतो.