वेल्सच्या मेंढ्या आणि सीझियम: 26 वर्षांच्या निर्बंधांमागे काय होतं?

किरणोत्सारी धातू एकदा प्राण्याच्या अंगात शिरला की कायमचा तिथेच राहतो, असं सरसकट मानलं जातं. रेडियम आणि स्ट्रॉन्शियमच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. दोन्ही कॅल्शियमच्या कुळातले, त्यामुळे शरीर त्यांना हाडांत नेऊन बसवतं. 1920च्या दशकात अमेरिकेत घड्याळाच्या तबकड्या रेडियमच्या रंगाने रंगवणाऱ्या मुलींचे जबडे त्यापायीच कुजले. 1944 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलेत संशोधक जोसेफ हॅमिल्टन यांना प्रयोगासाठी 11 मिलिग्रॅम प्लुटोनियम मिळालं. त्यांच्या उंदरांमध्येही ते मुख्यतः हाडांत आणि यकृतात साठलेलं आढळलं.

सीझियमचं तसं नाही. ते पोटॅशियमसारखं वागतं, स्नायूंत पसरतं आणि लघवी-लेंड्यांवाटे बाहेरही पडतं. मेंढी स्वच्छ कुरणात सोडली तर तिच्या मांसातलं सीझियम काही आठवड्यांतच बरंच उतरतं. युक्रेनमधल्या चेर्नोबिलच्या अणुअपघातानंतर ब्रिटिश सरकार निश्चिंत राहिलं, त्यामागे हाच हिशेब होता.

26 एप्रिल 1986 ला तिथली अणुभट्टी फुटली आणि मे महिन्याच्या सुरुवातीला उत्तर वेल्स, कंब्रिया आणि नैर्ऋत्य स्कॉटलंडच्या डोंगरांवर मुसळधार पाऊस कोसळला. हवेतलं सीझियम त्या पावसाबरोबर गवतावर उतरलं. 20 जूनला मेंढ्यांच्या विक्रीवर आणि कत्तलीवर बंदी आली. मुदत होती तीन आठवड्यांची.

चूक मातीच्या बाबतीत झाली. चिकणमातीच्या कणांत सीझियम अडकून बसतं, मुळांना सहसा मिळत नाही. आधीचे अंदाज अशाच जमिनींवरून बांधलेले होते. डोंगरावरची जमीन मात्र अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची: आम्लधर्मी, चिकणमाती जवळजवळ नाही, पोटॅशियमही कमी. तिथे गवत सीझियम वर ओढतं, मेंढी ते खाते, लेंड्यांतून ते परत जमिनीत जातं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा गवतात येतं. मेंढीचं शरीर सीझियम सोडत होतं. डोंगर सोडत नव्हता.

बंदीची मुदत वाढतच गेली. जिथे ती लागू होती तिथे मेंढ्या विकायच्या तर तपासनीस यायचा, एकेक मेंढी धरून तिच्या पुठ्ठ्यावर मोजणीयंत्र टेकवायचा. मर्यादा होती किलोमागे 1,000 बेकरेल (किरणोत्साराचं माप). आकडा जास्त आला की अंगावर रंगाची खूण, आणि ती मेंढी कत्तलीला पाठवायची नाही. तपासणीच्या त्रासापोटी शेतकऱ्याला मेंढीमागे 1.30 पौंड मिळत. कळप गोळा करून डोंगर उतरवण्यात जाणारा दिवस पाहिला तर ही रक्कम तुटपुंजीच होती, असं माझं मत आहे.

कंब्रियातल्या शेतकऱ्यांना आणखी एक शंका होती. शेजारीच सेलाफील्डचा अणुप्रकल्प, आणि तिथे 1957 मध्ये, त्याचं नाव विंडस्केल असताना, भट्टीला आग लागली होती. हे सगळं सीझियम खरंच चेर्नोबिलचं का, असं ते विचारत राहिले. ती शंका अगदीच निराधार नव्हती. पुढच्या तपासणीत तिथल्या सीझियमचा काही भाग जुन्या अणुचाचण्यांचा आणि विंडस्केलचा असल्याचं दिसलं. समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी या शेतकऱ्यांशी बोलून जे लिहिलं ते मला फार मोलाचं वाटतं: आपल्या डोंगराची, चराईची, मेंढ्यांच्या सवयींची माहिती असलेल्या माणसांना तज्ज्ञांनी विचारलंच नाही.

एकेकाळी साडेनऊ हजारांवर शेतं या निर्बंधांखाली होती. उत्तर आयर्लंड 2000 मध्ये सुटलं, स्कॉटलंड 2010 मध्ये. वेल्स आणि कंब्रियातली उरलेली तीनशेहून अधिक शेतं 1 जून 2012 ला मोकळी झाली.