देवीला नवरा कोणी दिला?

नवरात्र आले की कोल्हापुरात एक बातमी ठरलेली असते. तिरुपतीहून अंबाबाईसाठी शालू आला. देवस्थानचे अधिकारी तो वाजतगाजत आणतात, देवीला अर्पण होतो, फोटो छापून येतात. आणि त्यापाठोपाठ वादही ठरलेला. शालूमागची कथा अशी: भृगु ऋषीने विष्णूच्या छातीवर लाथ मारली, विष्णूने उलट त्याचेच पाय चेपले, त्याचा राग येऊन लक्ष्मी रुसली आणि करवीरला येऊन राहिली. म्हणजे शालू हा नवऱ्याने रुसलेल्या बायकोला पाठवलेला. तिरुपतीची यात्रा केली आणि कोल्हापूर केले नाही तर ती अपुरी, असे म्हणतात तेही याच नात्यातून. यावर कोल्हापुरातलेच अनेक जण चिडून सांगतात, की आमची अंबाबाई ही विष्णूची बायको नाही, ती आदिशक्ती आहे, तिला महालक्ष्मी म्हणूच नका.

वाद नावाचा दिसतो. मुळात तो देवीला नवरा आहे की नाही याचा आहे, आणि हा प्रश्न कोल्हापुरापेक्षा बराच जुना आहे.

आधी मूर्तीच पाहू. भाविकाला दिसतो तो मुखवट्यासारखा चेहरा, बाकी सगळे साडी आणि दागिन्यांत झाकलेले. साडीखालची मूर्ती चार हातांची आहे. हातांत म्हाळुंग (लिंबाच्या जातीचे फळ), गदा, ढाल आणि पानपात्र (पिण्याचे भांडे). मस्तकावर नाग, लिंग आणि योनी. मागे सिंह. कमळात बसलेली, हत्तींनी न्हाऊ घातलेली, घराघरातल्या कॅलेंडरवरची लक्ष्मी ती ही नव्हे, एवढे सांगायला मूर्तिशास्त्राचा पंडित लागत नाही.

आता गंमत अशी, की या मूर्तीचे अगदी नेमके वर्णन एका पोथीत आहे आणि ती पोथी नवरात्रात महाराष्ट्रात हजारो घरांत वाचली जाते. दुर्गासप्तशतीच्या शेवटी तीन 'रहस्ये' जोडलेली असतात. त्यातल्या प्राधानिक रहस्यात म्हाळुंग, गदा, खेट (ढाल), पानपात्र आणि माथ्यावर नाग-लिंग-योनी धारण करणारी देवी येते आणि तिचे नाव महालक्ष्मी असेच आहे. 'सर्वस्याद्या', सगळ्यांच्या आधीची. पुढची हकीकत तर फारच बोलकी आहे. ही महालक्ष्मी स्वतःतून महाकाली आणि महासरस्वती प्रकट करते. मग तिघी मिळून जोड्या निर्माण करतात: ब्रह्मा आणि श्री, रुद्र आणि त्रयी, विष्णू आणि गौरी. आणि मग महालक्ष्मी लग्ने लावून देते. त्रयी, म्हणजे सरस्वती, ब्रह्म्याला, गौरी रुद्राला आणि श्री, म्हणजे लक्ष्मी, वासुदेवाला.

म्हणजे या पोथीच्या हिशेबाने कोल्हापूरची महालक्ष्मी ही विष्णूची बायको नाही. विष्णूला बायको देणारी आहे. शालू पाठवायचाच तर तो सासूला पाठवावा तसा पाठवायला हवा. (हे मी थोडे चेष्टेने म्हणतो आहे, पण श्लोकात 'प्रददौ', म्हणजे 'दिली', हेच क्रियापद आहे आणि कर्ती तीच आहे.)

त्यामुळे 'महालक्ष्मी' हे नाव वैष्णवांनी अलीकडे लादले, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणेही पुरते पटत नाही. नाव जुने आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याने प्रजेवरचे अरिष्ट टळावे म्हणून स्वतःचे बोट कापून महालक्ष्मीला वाहिले, असे इ.स. 871 च्या संजाण ताम्रपटात सांगितले आहे. ही देवी कोल्हापूरचीच असे सहसा मानले जाते. कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या बिरुदात 'महालक्ष्मीलब्धवरप्रसाद' असे लिहवून घेत. ही नवऱ्याशिवायची महालक्ष्मी होती. पुढे लक्ष्मी म्हटले की विष्णू आलाच अशी सवय समाजाला लागली आणि जुन्या नावाला नवा नवरा चिकटला.

ही सवय कशी लागली, ते पाहायचे तर बरेच मागे जावे लागते.

ऋग्वेदात देवी आहेत, पण वाटा लहान. हजाराहून थोड्या अधिक सूक्तांत उषेच्या वाट्याला वीसेक येतात, बाकींच्या त्याहून कमी. तरी दहाव्या मंडलातले 125 वे सूक्त आहेच. वाक् आंभृणी या ऋषिकेच्या नावावर असलेल्या त्या सूक्तात देवी 'मी, मी' म्हणत बोलते: मी राष्ट्राची स्वामिनी, रुद्रासाठी धनुष्य ताणणारी मी. तिथे कुणाच्या पत्नीत्वाचा उल्लेख तिला करावासा वाटत नाही.

वेदांच्या बाहेर, मातीत, वेगळीच देवी होती. मराठवाड्यात तेर येथे लज्जागौरीच्या लहान मूर्ती मिळाल्या आहेत. बदामीच्या संग्रहालयात तिची मोठी पाषाणमूर्ती आहे. उताणी, पाय फाकलेले, डोक्याच्या जागी कमळ. जन्म देणारे शरीर, तेवढेच. इथे नवरा नाही, शस्त्र नाही, कथाही नाही. 'लज्जा' हे नाव तिला नंतरच्या, तिच्याकडे पाहून लाजणाऱ्या लोकांनी दिले असावे असे मला नेहमी वाटते.

पण म्हणून त्या काळात स्त्रीराज्य होते असे जे उत्साहाने लिहिले जाते, त्याला आधार सापडत नाही. आंध्रातल्या नागार्जुनकोंडा येथे अशीच एक मूर्ती मिळाली, तिच्यावर लेख आहे. ती इक्ष्वाकू घराण्यातल्या एका राणीने करवून घेतली आणि राणीने स्वतःची ओळख दिली आहे ती 'अविधवा' आणि 'जीवपुत्रा' अशी. नवरा जिवंत आहे, मुलगा जिवंत आहे. देवीला दोघांचीही गरज नव्हती. तिच्यापुढे हात जोडणाऱ्या राणीला होती.

सप्तशती, म्हणजे मार्कंडेय पुराणातले देवीमाहात्म्य, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातले मानतात. रहस्ये तिला नंतर जोडलेली. देवीच्या बाजूने इतके ठामपणे बोलणारा एवढा जुना संस्कृत ग्रंथ दुसरा नाही, पण तोही सरळ नाही. महिषासुराला मारणारी देवी त्यात देवांच्या तेजातून घडते: शिवाच्या तेजातून मुख, विष्णूच्या तेजातून बाहू, शस्त्रे ज्याची त्याने दिलेली. सगळे उसने. आणि तरीही ती कुणाची होत नाही. शुंभ तिच्याकडे लग्नाचा निरोप घेऊन दूत पाठवतो, तेव्हा ती फार साळसूदपणे म्हणते, काय करू, पूर्वी अल्पबुद्धीने एक प्रतिज्ञा करून बसले आहे. जो मला लढाईत जिंकेल तोच माझा नवरा. पुढे शुंभाचे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. अकराव्या अध्यायात तर देव स्तुती करताना म्हणतात, जगातल्या सगळ्या स्त्रिया ही तुझीच रूपे.

आता हीच पोथी सुरुवातीपासून वाचू. पाठाआधी अर्गलास्तोत्र म्हणतात. 'रूपं देहि जयं देहि' हे त्याचे पालुपद बहुतेकांच्या कानावरून गेलेले असते. त्यात एक मागणे आहे: 'पत्नीं मनोरमां देहि मनोवृत्तानुसारिणीम्'. मनासारखी वागणारी, देखणी बायको दे. जी देवी स्वतः कुणाच्या मनासारखी वागली नाही, तिच्याकडे हे मागणे. पाठ करणारा पुरुषच असणार हे रचणाऱ्याने इतके गृहीत धरले होते, की त्यात काही विसंगत आहे असे त्याला वाटलेच नसावे.

पुराणांच्या काळात गावोगावच्या देवी मोठ्या परंपरेत येऊ लागल्या, तेव्हा त्यांना आत घेण्याची रीत बहुतेक वेळा लग्नाची होती. गोव्यात आणि कोकणात सांतेरी म्हणजे वारूळ. माती वर उचलून आलेली भूमी हीच देवी, आणि वारुळाला नवरा नसतो. तीच सांतेरी पुढे शांतादुर्गा झाली, मूर्ती आली, शिव-विष्णूंचे भांडण सोडवणारी म्हणून तिची कथा आली. केळशीहून पोर्तुगीजांच्या काळात कवळ्याला हलवलेले तिचे देऊळ आज गोव्यातल्या प्रमुख देवस्थानांपैकी आहे. देऊळ देवीचे, देवस्थानाचे महाजन होण्याचा हक्क मात्र बापाकडून मुलाकडे.

माहूरच्या रेणुकेची गोष्ट अधिक कडू आहे. महाभारताच्या वनपर्वात ती येते. नदीवर गेलेल्या रेणुकेचे मन जलक्रीडा करणाऱ्या राजाला पाहून क्षणभर चळले, जमदग्नीने मुलांना आईला मारायला सांगितले, चौघांनी नकार दिला, परशुरामाने हुकूम पाळला. मग वर मागून तिला जिवंतही केले. माहूरला पूजा होते ती नुसत्या मुखाची, तांदळ्याची. तांदळ्याची पूजा कदाचित या कथेहून जुनी असेल आणि धड का नाही याचे उत्तर म्हणून कथा जोडली गेली असेल. पण जोडायला निवडलेली कथा पत्नीच्या शिक्षेची आहे. सौंदत्तीची यल्लम्मा हीच रेणुका. मार्गशीर्षात 'रांडाव पुनव' येते, जमदग्नी गेला म्हणून जोगतिणी बांगड्या फोडतात. माघात 'अहेव पुनव' आली की पुन्हा भरतात. ज्या देवीच्या नावाने डोंगर 'उदो उदो'ने दुमदुमतो, तिला दर वर्षी काही आठवडे विधवा केले जाते.

तुळजापूरला मात्र हे लग्न पुरते जमलेले दिसत नाही. भवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीन वेळा तिला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. त्यांपैकी दोन म्हणजे नवरात्राआधीची घोरनिद्रा आणि दसऱ्यानंतरची श्रमनिद्रा. लढाईआधी विश्रांती, लढाईनंतर विश्रांती. पलंग एकटीचा आहे.

कोल्हापुराकडे परत येऊ. मधल्या धामधुमीच्या काळात अंबाबाईची मूर्ती लपवून ठेवली होती आणि 1715 मध्ये कोल्हापूरचे छत्रपती संभाजी (शिवाजी महाराजांचे नातू) यांच्या कारकिर्दीत तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. हे साल पाहताना दुसरे एक साल आठवते. 1714 मध्ये कोल्हापूरच्या गादीची संस्थापक ताराबाई आणि तिचा मुलगा यांना बाजूला सारून पन्हाळ्यावर कैदेत टाकले होते. ताराबाईची सवत राजसबाई हिने आपल्या मुलाला, याच संभाजीला, गादीवर बसवले. औरंगजेबाशी झुंजलेली बाई गडावर अटकेत आणि खाली शहरात देवीची प्रतिष्ठापना. कारस्थान करणारीही बाईच होती, त्यामुळे यातून सोपा निष्कर्ष निघत नाही. पण 'शक्तीची उपासना करणारा समाज' असे शब्द कानावर आले की मला ही दोन साले शेजारी शेजारी दिसतात.

मूर्तीला हात कुणी लावायचा, हा वाद आपल्या काळातला. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर नोव्हेंबर 2015 मध्ये एक तरुणी चढली आणि गदारोळ झाला. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2016 ला स्पष्ट केले, की जिथे पुरुष जाऊ शकतो तिथे बाईला अडवता येणार नाही. त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. मंदिरप्रवेशाचा 1956 चा कायदा साठ वर्षे पडून होता. गुढीपाडव्याला शिंगणापूर खुले झाले आणि त्याच महिन्यात तृप्ती देसाई पोलिस बंदोबस्तात अंबाबाईच्या गाभाऱ्यात गेल्या. धक्काबुक्की झाली. शनीचे एक वेळ समजू शकते. इथे बाईला बाईपासून अडवत होते. आणि वाद गाभाऱ्याबरोबर कपड्यांचाही होता: साडी नेसलेलीच आत येईल, ड्रेसवाली नाही.

पुढच्याच वर्षी, 2017 मध्ये, कपड्यांचा प्रश्न देवीपर्यंत पोचला. श्रीपूजकांनी मूर्तीला घागरा-चोळी नेसवली आणि शहर पेटले. अंबाबाईला काठापदराची साडीच हवी, म्हणून मोर्चे निघाले. त्यातून परंपरागत पुजारी हटवून सरकारी पुजारी नेमण्याची मागणी जोर धरू लागली आणि 2018 मध्ये विधिमंडळाने तसा कायदा केला. आदल्या वर्षी दारातल्या बाईने काय घालावे हे ठरले होते, या वर्षी आतल्या बाईने.

या सगळ्यात ललितापंचमीचा दिवस वेगळा निघतो. त्या दिवशी अंबाबाईची पालखी शहराबाहेर टेंबलाईच्या टेकडीवर जाते. टेंबलाई, त्र्यंबोली, ही तिची सखी. देवीने कोल्हासुर या राक्षसावर मिळवलेल्या विजयाच्या उत्सवाला बोलवायची राहून गेली म्हणून रुसून टेकडीवर बसलेली. रुसवा काढायला नवरा शालू पाठवत नाही, मैत्रीण स्वतः जाते. तिथे कोल्हासुराच्या नावाने कोहळा मांडतात आणि गुरव घराण्यातली एक कुमारिका त्रिशूळाने तो फोडते. पुजारी बाजूला उभे असतात. तुकडे मिळवायला झुंबड उडते, तोवर ती परकरातली पोर गर्दीतून दिसेनाशी झालेली असते.

आणि अर्गलास्तोत्राचे म्हणाल, तर अलीकडे बायकाही मोठ्या संख्येने सप्तशतीचे पाठ करतात. 'पत्नीं मनोरमां'पाशी आल्यावर काही जणी थांबत नाहीत, सरळ 'पतिं मनोरमं देहि' म्हणतात आणि पुढे जातात. छंद मोडत नाही.