दोनशे घोड्यांच्या मदतीला दहा घोडे

अमेरिकेत सिॲटलच्या उत्तरेला डिसेप्शन पास नावाची अरुंद सामुद्रधुनी आहे. भरती-ओहोटीच्या जोरात तिथलं पाणी ८ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी जवळपास १५ किलोमीटरने धावतं. या भागात आठेक मीटर लांबीच्या जुन्या केबिनवाल्या मोटरबोटी बऱ्याच दिसतात. इंजिन एकच, समजा २०० अश्वशक्तीचं. ते ऐनवेळी बंद पडलं तर? म्हणून बोटीच्या मागे एक छोटं आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून लावायचं इंजिन, टांगतात, बहुधा ९.९ अश्वशक्तीचं. (अमेरिकेतल्या कित्येक तलावांवर १० अश्वशक्तीची मर्यादा असते, त्यामुळे हा 'बाटा भाव'.)

२०० च्या जागी १० ने भागतं कसं? बोट चालताना स्वतःच लाट उठवते, आणि बोटीचा वेग वाढला की ही लाट लांबत जाते. पाण्यात ७ मीटर लांबी असलेल्या बोटीची लाट ६.४ नॉटच्या सुमारास बोटीइतकीच लांब होते. त्यापुढे बोटीला आपल्याच लाटेचा चढ चढावा लागतो. मोठी ताकद लागते ती तो चढ ओलांडून पाण्यावर घसरत धावण्यासाठी. ५ नॉटने घरी यायला दहा घोडे पुरतात. उलट्या ८ नॉटच्या प्रवाहात मात्र ते बोटीला मागेच जाताना बघत बसतील! आणि वाऱ्याचं काय? उंच केबिनचा समोरून ६ चौरस मीटर भाग वाऱ्याला अडवत असेल, तर ताशी ५४ किलोमीटरचा वारा साधारण ८० किलो वजनाइतक्या जोराने मागे रेटतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो.

म्हणून अश्वशक्तीपेक्षा इंजिनाचा पाण्यातला पंखा (प्रोपेलर) बघावा. थोडं पाणी जोरात फेकण्यापेक्षा जास्त पाणी सावकाश ढकललं तर तेवढ्याच इंधनात रेटा जास्त मिळतो. जड बोटींसाठीच्या खास आउटबोर्डांमध्ये इंजिनाच्या जवळपास तीन फेऱ्यांना पंख्याची एकच फेरी होते, आणि पंखाही मोठा असतो.

तो पंखा पाण्यात राहायला हवा, हे ऐकायला सोपं वाटतं. लाटेवर बोटीचं नाक पाच अंशांनी खाली गेलं, तर मागची बाजू सुमारे ३० सेंटीमीटर वर उचलली जाते. पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतं किंचाळतं आणि रेटा जवळपास शून्य होतो. त्यामुळे १५ इंची शाफ्ट (इंजिनापासून खाली पंख्यापर्यंत जाणारा दांडा) इथे कामाचा नाही. २० इंचीही बऱ्याचदा तोकडा पडतो. २५ इंची घ्यावा आणि वर-खाली होणाऱ्या ब्रॅकेटवर बसवावा.

पण खरी परीक्षा असते ब्रॅकेटमागच्या भिंतीची, म्हणजे ट्रान्समची. जुन्या बोटींत बाहेरून फायबरग्लास दिसतं, आत बहुधा प्लायवूड असतं. पूर्वीच्या मालकाने मारलेल्या एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की ते आतल्या आत कुजतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. घट्ट भाग खणखणीत वाजतो, कुजलेला भद्द. शंका आली तर आतल्या बाजूने बारीक भोक पाडून भुसा बोटांत चोळून बघा. कोरडा, फिकट निघाला तर ठीक. काळपट आणि ओलसर निघाला तर आधी भिंत दुरुस्त करा. ४५ किलोचं इंजिन उभ्या बोटीवर ४५ किलोचं असतं; लाटांवर आपटत धावताना तिप्पट झटका बसला, तर त्याच बोल्टांवर १३५ किलोंचा भार येतो, तोही भिंतीपासून लांब टांगलेला. म्हणून बोल्टाचं भोक मुद्दाम मोठं पाडतात, इपॉक्सीने (वाळून कडक होणाऱ्या राळेने) बुजवतात आणि त्या इपॉक्सीतून बोल्टासाठी पुन्हा भोक पाडतात. म्हणजे लाकडाला पाणी लागत नाही. आतून जाड, रुंद पट्टी हवीच.

शेवटचा मुद्दा इंधनाचा. मोठं इंजिन पुष्कळदा घाण पेट्रोलमुळेच बंद पडतं. अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्के इथेनॉल असतं. ते पाणी शोषतं, आणि पाणी फार झालं की त्याच्यासकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. खवळलेल्या समुद्रात तो गाळ ढवळतो आणि फिल्टर तुंबतो. छोट्या इंजिनाची नळी त्याच टाकीत सोडली असेल, तर तेही पाच मिनिटांत मान टाकतं. त्याची टाकी वेगळी ठेवा, आणि ते दोरी ओढून सुरू होणारं असेल तर उत्तम.